पुस्तकावरचे सुटे कागदी वेष्टन ठेवावे की काढावे?

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा)
आमच्या वाचनालयाला कापडी बांधणीची काही जुनी पुस्तके देणगीदाखल मिळाली असून, त्यांतील बऱ्याच पुस्तकांवर कडा आत दुमडलेली रंगीत कागदी वेष्टने आहेत. दाखल करताना ती काढून खाकी कव्हर घालायचे, अशी आमच्याकडची जुनी पद्धत आहे. परंतु एका वेष्टनाच्या आतल्या घडीवर लेखिकेचे छायाचित्र व परिचय आढळला, आणि तो पुस्तकात अन्यत्र कोठेही नाही. वेष्टनाचे मूळ प्रयोजन काय, आणि ते पुस्तकाचाच भाग मानावे काय?

उत्तर (वाई)
मूळ प्रयोजन केवळ संरक्षणाचे होते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रकाशक तयार बांधणीची पुस्तके विकू लागले, तेव्हा रेशमी किंवा कापडी बांधणी दुकानात मळू नये म्हणून तीवर कागद घालत. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात १८२९ सालच्या एका वार्षिकाचे असे वेष्टन जपलेले आहे. ते संपूर्ण पुस्तकाभोवती गुंडाळून लाखेने बंद केलेले होते. ते फोडून फेकून द्यायचेच असे, म्हणून त्या काळची वेष्टने आज अतिशय दुर्मीळ आहेत. पुढे, विशेषतः १९२० नंतर, चित्र आणि परिचय वेष्टनावर आले व खालचे कापड साधे होत गेले. त्यामुळे आज वेष्टन काढले, तर पुस्तकाचा चेहराच जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (सांगली)
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. दीनानाथ दलालांचे चित्र वेष्टनावर असेल, तर ते काढणे म्हणजे मराठी चित्रकलेचा एक नमुना रद्दीत घालणे होय. मात्र देवघेवीच्या पुस्तकावर उघडे वेष्टन टिकत नाही, घडीवर प्रथम फाटते. म्हणून त्यावर पारदर्शक पॉलिस्टरचे आवरण घालावे. चिकटपट्टी पुस्तकाला वा वेष्टनाला मुळीच लावू नये, कारण तिचा डिंक कालांतराने पिवळा पडून कागदात उतरतो. आवरण सर्व बाजूंनी बंद केल्यास पावसाळ्यात आत दमट हवा कोंडून बुरशी येते. गुळगुळीत आर्ट पेपरचे वेष्टन भिजलेच, तर ते ओले असतानाच अलगद सुटे करावे, कारण एकदा चिकटून वाळले की छपाईसकट निघते. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडे ही काळजी फार महत्त्वाची ठरली.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग दाखल क्रमांकाची चिठ्ठी कोठे लावावी?

उत्तर (वाई)
चिठ्ठी पारदर्शक आवरणावर लावावी, आणि तोच क्रमांक वेष्टनाच्या आतल्या घडीवर पेन्सिलीने लिहावा, म्हणजे दोन्ही वेगळे झाले तरी जोडी लावता येईल.