मदत हवी आहे: बीए (बिझनेस अ‍ॅनालिस्ट) म्हणूनच पुढे जाऊ की लाईन बदलू?

नमस्कार मंडळी, हिंजवडीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे, आधी टेस्टिंगला होते, डोमेन इन्शुरन्स. क्लेम्सवाल्यांसोबत बसून त्यांचं काम नेमकं कुठे अडतं ते खोदून काढायचं, मग प्रोसेस फ्लो मांडायचा, हे मला मनापासून आवडतं. पण बराचसा वेळ जातो जिरा या टास्क ट्रॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टोरी (युजरला काय हवं त्याच्या छोट्या नोंदी) लिहिण्यात, मीटिंगचे मिनिट्स पाठवण्यात नि क्लायंट-डेव्हलपरमध्ये निरोप्यागत पळण्यात, आणि रिलीज झाल्यावर त्या फीचरचा कुणाला उपयोग झाला का हे कुणी सांगतच नाही, मग समाधान मिळणार कुठून?

आयआयबीए या बीए लोकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची सर्टिफिकेशन्स बघतेय. सीबीएपी या वरच्या लेव्हलच्या सर्टिफिकेशनला मागच्या 10 वर्षांत 7,500 तास बीएचं काम लागतं, तेवढं माझं नाही. त्याच्या खालच्या सीसीबीएला 3,750, ते बसतंय. पण एवढी फी नि अभ्यास करायचा तर याच लाईनीत राहायचं हे पक्कं हवं ना. नवरा म्हणतो प्रॉडक्ट ओनर हो (प्रॉडक्टमध्ये काय आधी करायचं ते ठरवणारी), मॅनेजर म्हणतो स्क्रम मास्टर, म्हणजे टीमचं रोजचं काम सुरळीत ठेवणारी (त्याला माणूस कमी पडतोय, बाकी काही नाही).

इथे कुणी बरीच वर्षं बीएच राहिलंय का? डोमेनमध्ये खोल गेल्यावर हे निरोप्याचं काम कमी होतं का, की तसंच राहतं? आणि पुण्या-मुंबईत इंटरव्ह्यूला सीसीबीए खरंच कुणी विचारतं का? प्लीज खरं खरं सांगा.