'मायरा' खरंच संस्कृत आहे का? आणि स्पेलिंग कुठलं?

रंकाळाकाठ:
बारसं रविवारी आहे. जन्म मघा नक्षत्राच्या पहिल्या चरणातला, म्हणून अक्षर 'मा'. आत्याने 'मायरा' काढलंय. नेटवर 'संस्कृत, अर्थ प्रिय' असं दिसतं, पण आजोबा विचारतात, कुठल्या पोथीत? कार्डावर अर्थ छापायचाय. जाणकारांनी सांगावं.

शब्दखोदू:
आजोबांचं बरोबर आहे. संस्कृतात 'प्रिय' अर्थाचा 'मायरा' शब्द नाही. हे नाव इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) याने आपल्या प्रेमकवितांतल्या नायिकेसाठी घडवलं. ते 'मेरी'ची अक्षरं फिरवून केलं असावं किंवा लॅटिन 'मिर्‍हा'वरून, असे तर्क आहेत. मिर्‍हा म्हणजे आपला हिराबोळ, बाळंतिणीला देतात तोच. अर्थ छापायचाच तर हा निदान बारशाला शोभेल!
राजस्थानात मात्र 'मायरा' शब्द आहे. भाच्याच्या किंवा भाचीच्या लग्नात मामा घेऊन येतो तो आहेर. त्याचा या नावाशी संबंध नाही, पण मामाला आधीच सांगून ठेवा.
आता हे नाव लोकांना का आवडतं? उच्चारात 'माय-रा' असा दोनच ठोक्यांचा ठेका, जोडाक्षर नाही, शेवट माया-मीरासारखा 'आ'. त्यात सुरुवातीला 'माय' ऐकू येते. विभक्तीतही अडत नाही: मायराला, मायराचं. गल्लीत 'ए मायरे' होणारच, ते धरून चाला.

दाखलेवाला:
स्पेलिंग एम-वाय-आर-ए ठेवा. मध्ये 'ए-आय' घातलं की परगावचा माणूस 'मैरा' वाचतो. जन्मनोंदणीच्या फॉर्ममधला मराठी रकाना मात्र हाताने टाइप करा. इंग्रजीवरून आपोआप उमटलेलं 'म्यरा' किंवा 'मिरा' तसंच राहिलं, तर पुढे शाळेचा दाखला आणि आधार जुळत नाहीत.
जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. नाव नंतर घातलं तरी चालतं: १२ महिन्यांपर्यंत शुल्क नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. पण एकदा घातलेलं नाव मन बदललं म्हणून सहसा बदलून मिळत नाही, त्यामुळे घरात एकमत होईपर्यंत रकाना कोराच बरा.
बाळंतपण माहेरी, समजा गडहिंग्लजला झालं असेल, तर दाखला तिथल्या नगरपरिषदेतच. कोल्हापूर महापालिकेत हेलपाटा घालू नका.
१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशाला, पासपोर्टला जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा धरतात, म्हणून पहिलीच प्रत अक्षर अन् अक्षर तपासा. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव राज्याच्या नियमानुसार बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचं. त्यामुळे आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंगही त्यांच्या आधारवर आहे तसंच द्या.

शब्दखोदू:
कार्डावर अर्थाची ओळ गाळलीत तरी काही बिघडत नाही. 'चि. मायरा' एवढं पुरतं.