गोकाकचा धबधबा आणि अस्सल जेवण: आत्याला कुठे न्यावं?

टिळकवाडीकर: नमस्कार मंडळी. श्रावणात पुण्याहून माझी आत्या येणार आहे. सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात, पण नदी-डोंगर बघायची हौस दांडगी. सोबत दोन लहान मुलं. बेळगावातून सकाळी निघून रात्री घरी यायचं आहे. कड्यांतून वाहणारी भरलेली नदी बघायची आणि दुपारी आपल्या भागातलं जेवण जेवायचं, एवढंच. कुठे नेऊ?

अनगोळची पोर: गोडचिनमलकी! मार्कंडेय नदी दोन टप्प्यांत खाली येते, भोवती सगळं रान. गोकाकपेक्षा मला हेच आवडतं.

घटप्रभाकाठचा: ताई, जागा सुंदर आहे, पण पावसात तिथली पायवाट निसरडी असते. गुडघेदुखीच्या माणसाला नको. आत्यांना सरळ गोकाक फॉल्सला न्या. गाडी जवळपर्यंत जाते आणि फारसं न चालता सगळं दिसतं.

सध्या पाणी चांगलं येऊलालंय. घटप्रभा तिथं 52 मीटर खाली कोसळते. कडा घोड्याच्या नालेसारखा वाकलेला, त्यामुळे पाणी तिन्ही बाजूंनी पडतं आणि खालच्या वालुकाश्माच्या दरीत नुसता धुरळा उडतो. पाणी गढूळ, लालसर दिसेल. पावसाळ्यात ते तसंच असतं, नाराज होऊ नका. वरच्या अंगाला हिडकल धरण आणि धुपदाळचा बंधारा आहे, म्हणून उन्हाळ्यात कड्यावरून जेमतेम धार उरते. तेव्हा श्रावण ही वेळ बरोबर निवडलीत.

काठावर जुनं महालिंगेश्वराचं देऊळ आहे, ते आत्यांना नक्की दाखवा. नदीच्या शक्तीवर वीज करायचं काम इथं 1887 मध्येच सुरू झालं. सूतगिरणी तिथंच आहे, मुलांना सांगा. झुलता पूल मात्र चालू असेल तरच, आणि गर्दी असेल तर मुळीच जाऊ नका. कळकळीनं सांगतो, मुलांचा हात सोडू नका. कड्यावरचे दगड शेवाळलेले असतात आणि फोटोच्या नादात माणसं फार पुढं जातात.

श्रावणी सोमवार टाळा. देवळात गर्दी, वर आत्यांचा उपास असला तर जेवणाचा बेतच गेला!

टिळकवाडीकर: दादा, खूप आभार. सोमवार लक्षातच आला नव्हता. जेवणाचं सांगा ना. कडक भाकरी तिला चावणार नाही.

घटप्रभाकाठचा: गोकाक गावात साधी लिंगायत खानावळ शोधा. बसल्याबरोबर सांगा, "बिसी रोट्टी द्या". हातावर थापलेली ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, मऊसूत, पापुद्रा सुटलेला. सोबत एण्णेगाई, म्हणजे शेंगदाणे-तीळ-कारळ्याचं वाटण भरलेली छोटी वांगी, वर तेलाचा तवंग. मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, घट्ट दही, कच्चा कांदा. चटणीत दही कालवून भाकरीशी खा, तिखट सोसत नसेल तरी चालतं. आपल्याकडचं खरं जेवण हेच. बोर्डावर पंजाबी लिहिलेलं हॉटेल दिसलं तर पुढे चला.

खानापूरची सूनबाई: आत्यांना यल्लम्माचं दर्शन घ्यायचं असेल तर दुसरा एक दिवस सौंदत्तीला काढा. वाटेत नविलतीर्थ लागतं. मलप्रभेनं डोंगर कापून केलेली खिंड तिथं आहे, तिथंच धरण बांधलंय. धबधब्यासारखा आवाज नाही, पण खिंड म्हणाल तर तीच. गोकाक आणि सौंदत्ती एकाच दिवसात मात्र कोंबू नका, आत्या दमतील.

अनगोळची पोर: आणि करदंट घ्यायला विसरू नका! तळलेला डिंक, सुकं खोबरं, गूळ, खारीक, काजू-बदाम. ते चिवट असतं, आत्यांना बारीक तुकडा करून द्या. कुंदा, म्हणजे आपली दुधाची मिठाई, बेळगावात आल्यावर घ्या, ताजा मिळेल.

टिळकवाडीकर: ठरलं, बुधवारी गोकाक. सकाळी सातला निघतो, आधी धबधबा, मग भाकरी. सौंदत्तीचं आत्याला विचारून सांगतो.