मदत हवी आहे: कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद होते

बाबांचं वय ६८. सर्दी नाही, तरी डाव्या कुशीवर झोपले की डावी नाकपुडी चोंदते. कूस बदलली की थोड्या वेळाने ती मोकळी होते आणि उजवी बंद. पहाटे तोंड उघडंच असतं, जीभ कोरडी, उशाशी पाण्याचा तांब्या रिकामा.

नाकातल्या मांसल पडद्यांची सूज आळीपाळीने चढते-उतरते, हे जर्मन डॉक्टर कायझर यांनी १८९५ मध्येच नोंदवलंय. आपल्याकडे स्वरयोगात, म्हणजे श्वासाच्या योगात, डाव्या नाकपुडीच्या श्वासाला चंद्रनाडी आणि उजवीच्या श्वासाला सूर्यनाडी म्हणतात. झोपेत हे चक्र लांबतं, हेही वाचलं. पण तोंडाने श्वास घ्यावा लागणं नेहमीचं का? घोरणं हल्ली वाढलंय, त्याचीच जास्त काळजी वाटते. उशी उंच करून कुणाला फरक पडला? थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावं का? अनुभव असेल तर कृपया सांगा.