गरोदरपणातला बीपी: तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची:
काल वहिनीला घेऊन नांदेडला गेले होते, बारावा आठवडा चालूय तिला. मॅडमनी दोन्ही हातांचा बीपी घेतला, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचं डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते) बघितलं, रक्त घेतलं. म्हणल्या पुढं बीपी वाढायचा धोका किती ते आत्ताच समजतं, जास्त निघाला तर सोळाव्या आठवड्याच्या आत रात्रीची अ‍ॅस्पिरिन चालू करू, ३६ व्या आठवड्यापर्यंत. मी बाकड्यावर बसून ऐकायले अन् डोळ्यापुढं माझा २०११ चा सातवा महिना. पाय असे सुजलेले की जोडवी निघेनात, आत्याबाई म्हणल्या पहिलटकरणीच्या अंगात पाणी भरतंच. बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन. जोडवी सिस्टरनं कापून काढली. लेक बत्तिसाव्या आठवड्यात, सव्वा किलोची. आता दहावीला आहे, माझ्यापेक्षा उंच. तुमचं सांगा.

लातूरची_लेक:
माझं नुसतं डोकं दुखायचं अन् डोळ्यापुढं काजवे, मला वाटलं नंबर वाढला, चष्म्याच्या दुकानात गेले बापा!! तोच म्हणला ताई आधी बीपी बघून या. १६०/१००. दर दिवाळीला त्याच्या घरी फराळ जातो आमचा

बीडची_आशाताई:
आमच्या बायका ऊसतोडीला गेल्या की सातव्या-आठव्या महिन्यातच परत, कार्ड कोरं. डॉपलर कुठलं माय, गाडी निघायच्या आधी नोंद, बीपी अन् लघवी एवढं गाठलं तरी लई झालं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्वची फुकट तपासणी असते, अन् मुकादमाची गाडी नेमकी ८ च्या रात्री 😡

जालनेकर:
बायकांच्यात बोलतोय, माफी. हिचा बीपी नऊ महिने १२०/८०. बाळंतपण होऊन सहाव्या दिवशी रात्री झटका, म्हणजे फिट आली. घरचे बाहेरचं लागलं म्हणून लिंबू शोधायलेत, मी १०८ ला फोन लावला. मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली. बाळंतपणानंतरबी असं होतं हे सांगितलंच नव्हतं कुणी

गोदाकाठची:
आई गं. आता बऱ्या आहेत ना वहिनी?

जालनेकर:
एकदम. आता माझ्या ताटातलं मीठ उचलती

दोन_लेकरांची_माय:
मला दुसऱ्या वेळी दिली अ‍ॅस्पिरिन, पहिल्यांदा त्रास झालेला म्हणून. जाऊबाई म्हणे डोकेदुखीची गोळी रोज कशाला, लेकराला काही झालं तर? मग झोपताना गुपचूप घ्यायचे. ३८ आठवडे भरले. पण सगळ्यांना नसती ती, डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणी घेऊ नका

लातूरची_लेक:
गुपचूप 😂 मी लोणचं खायचे गुपचूप, बरणीत हात घालून

परभणीची_मावशी:
लोणच्यावरून आठवलं, गावरान कैरी आहे का कुणाकडं, बाजारात सगळी कलमीच

गोदाकाठची:
आमच्या बांधावर आहे मावशी, रविवारी या. सोमवारी नको, वहिनीचा रिपोर्ट आणायला जायचंय.