हंटचा मेंढपाळ प्रेमात पडलाय की कामचुकार आहे?

रानफूल: इंग्लिश चित्रकार होल्मन हंटचं 'द हायरलिंग शेफर्ड' हे चित्र (१८५१, मँचेस्टर आर्ट गॅलरीत आहे) म्हटलं की जो तो कामचुकारपणावरच बोलतो. मला ते आधी प्रेमाचं चित्र वाटतं. लख्ख ऊन, मेंढपाळ पोरीच्या खांद्यावरून वाकून हातात धरलेला पतंग (किडा) तिला दाखवतोय, आपल्याला काही वेगळं सापडलं की पहिल्यांदा आवडत्या माणसालाच दाखवावंसं वाटतं ना, तसं. मागे मेंढ्या पिकात शिरल्यात, मान्य. पण यात कुणाचं एवढं काय बिघडलं?

मेंढरंवाली: मेंढ्यांचं बिघडलं की! आमच्याकडे मेंढरं होती म्हणून सांगते, हिरव्या पिकात शिरलेलं मेंढरू हावरटासारखं खातं आणि पोटफुगी होते, डावी कूस नगाऱ्यासारखी ताठ होते, वेळेत बघितलं नाही तर काही तासांत मरतं. आणि तिच्या मांडीवरचं कोकरू? त्याच्यापुढे कच्ची हिरवी सफरचंदं आहेत हो. एवढ्याशा पिल्लाला कोण देतं असलं? मांडीवर घेतलंय पण त्याच्याकडे दोघांपैकी एकाचंही लक्ष नाही, मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

खडूपेटी: +१. पतंगही साधा नाही, पाठीवर कवटीची खूण असलेला डेथ्स हेड हॉकमॉथ आहे. १८५२ ला लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात चित्र लावलं तेव्हा सोबत शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकातल्या ओळी दिल्या होत्या, मेंढपाळा झोपलास की जागा आहेस, तुझी मेंढरं पिकात शिरलीत. पुढे १८९७ च्या पत्रात हंटने स्वतःच लिहिलं की रोख धर्मगुरूंवर होता, फालतू वाद घालत बसतात आणि कळप वाऱ्यावर.

रानफूल: ते पत्र ४६ वर्षांनी लिहिलंय. माणूस म्हातारपणी आपल्या जुन्या कामाला नवा अर्थ लावू शकतो, आपण तोच धरून का बसायचं?

बांधावरून: मला दोन्ही बाजू पटत नाहीत. हायरलिंग म्हणजे मोलाने ठेवलेला, कळप त्याचा नाहीच. चित्रातल्या पोरीसाठी मॉडेल म्हणून बसलेली एमा वॉटकिन्सही इंग्लंडमधल्या इवेलच्या शेतांत राबणारीच होती. दिवसभर उन्हात राबणाऱ्या दोन माणसांनी घटकाभर एकमेकांकडे बघितलं तर आपण लगेच त्यांच्याकडे मेंढ्यांचा हिशोब मागतो, मालक कुठाय चित्रात? माया दाखवायची ती फक्त गड्यानेच का?

मेंढरंवाली: मालकाला जाब विचाराच, मी कुठे नको म्हणते. पण पोट फुगलेल्या मेंढीला मालक कोण नि गडी कोण काय कळतं? आणि प्रेमाला माझा विरोध नाही, आमच्या आजी-आजोबांचं जमलंच मुळी मेंढरं राखताना. आजी सांगायची, बोलता बोलता तो मधेच उठायचा, मेंढरं मोजून यायचा आणि मग परत येऊन बसायचा, तेव्हाच तो तिच्या मनात भरला.