मदत हवी आहे: ट्रॅव्हलिंग नेमकं कधी धरतात?

मंडळी, बास्केटबॉल खेळलेलं किंवा पंचगिरी केलेलं कुणी आहे का? मुलगी नाशिकला सिडकोत संध्याकाळी खेळते. डबल ड्रिबल कळलं: ड्रिबल थांबवून बॉल धरला की पुन्हा टप्पे मारायचे नाहीत.

घोडं अडतंय ट्रॅव्हलिंगवर, म्हणजे बॉल हातात धरून नियमाबाहेर पावलं टाकण्यावर. फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने) 2017 मध्ये झिरो स्टेप आणली. पळता पळता बॉल हातात घेताना जमिनीवर असलेलं पाऊल मोजायचं नाही, पुढची दोन चालतात. पण उभ्याने पास घेतला तर ती सवलत नाही. तिथून ड्रिबल सुरू करताना पिव्होटचा, म्हणजे जागेवर रोवलेला पाय उचलण्याआधी बॉल हातातून सुटलाच पाहिजे. पोरगी इथेच सापडते. उजव्या पायाने हूल देते आणि बॉल सुटायच्या आत डावा पाय उचलते, की वाजली शिट्टी!

आता मला सांगा, पळताना बॉल ‘हातात आला’ असं कधी धरायचं? एका तळव्यावर क्षणभर विसावला तरी? आणि झिरो स्टेपनंतर दोन्ही पायांवर एकदम थांबलं तर पिव्होटला कुठलाही पाय चालतो ना?

एनबीएच्या (अमेरिकन लीगच्या) रील्स कृपया पाठवू नका, त्यांनीच गोंधळ वाढवलाय. कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे कुणी प्रत्यक्ष करून दाखवणार असेल तर रविवारी सकाळी तिला घेऊन येतो.